धुक्याच्या चालीतला थांबा

अंबाजी घरत वारले त्याला येत्या आषाढात दोन वर्षं होतील. आमच्या भजनी मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढायचं ठरलं, तेव्हा हितेश मला म्हणाला, "तुळशीकाका, अंबाजीआजोबांवर तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांच्या समोर उभे असायचात." मी आयुष्यात अर्जाशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. दोन महिने मी टाळलं. पण त्यांच्या शेवटच्या काकड्यात जे घडलं ते मी सांगितलं नाही तर कोणी सांगणार नाही, कारण त्यात चूक माझी होती आणि बाकीचे माझ्याकडे बघून गप्प बसतात.

आमचं गाव खाडीकाठचं. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला पूर्वी मिठागरं होती, आणि दोहोंच्या मधे खारं पाणी अडवणारा मातीचा बांध. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या विठ्ठलाच्या देवळात रोज पहाटे पाचला काकडा होतो. महिनाभर. सुरुवातीला अंगाला घाम असतो, उपरणं काढून ठेवावंसं वाटतं. पंधरा दिवसांनी तेच उपरणं कानाला गुंडाळून लोक येतात, आणि शेवटच्या आठवड्यात तर फरशीवर पाय टेकवत नाही. थंडी आमच्या गावात काकड्याबरोबर चढत जाते.

देवळात आम्ही दोन रांगांत उभे राहतो, समोरासमोर. बुवा एक ओळ म्हणतात आणि मग सगळे मिळून ती उचलतात. अंबाजीदादा बुवा नव्हते. ते उत्तरेकडच्या रांगेत, खांबाजवळ, तिसरे. मी दक्षिणेकडच्या रांगेत तिसरा. चाळीस वर्षं मी त्यांचा चेहरा बघत गायलो. ते मात्र माझा चेहरा बघत नव्हते, कारण ते डोळे मिटून गायचे.

शब्द संतांचे, ते सगळ्या गावांत तेच. पण आमच्या काकड्याच्या पाच चाली अंबाजीदादांच्या. दुसऱ्या कुठल्या गावात त्या तुम्हाला ऐकायला मिळणार नाहीत. दादा शाळेत गेले नाहीत. त्यांचं घराणं मिठागरात राबणारं. मिठाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं, उत्तरेचा वारा लागला की. म्हणजे काकडा आणि मिठागर एकाच वेळी. दादा देवळातून परस्पर कामावर जायचे, टाळ फडक्यात बांधून. तिथे माणूस एकटा, चारी बाजूंना उथळ पाणी, डोक्यावर काही नाही. लाकडी फावड्याने मीठ ओढता ओढता त्यांना चाली सुचायच्या. चाल पक्की झाली की दुसऱ्या पहाटे ते आमच्या मागे येऊन उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून ती शिकवायचे. कुठे जोर द्यायचा, कुठे सैल सोडायचं, ते पाठीला कळायचं.

त्या चालींना आम्ही हवेची नावं दिली होती, आणि रोज पहाटे त्या पाचही ओळीने म्हणतो. पहिली दवाची. ती कोजागिरीनंतरच्या दिवसांसारखी, इतकी हळू की टाळ एकमेकांना नुसते टेकवायचे. दुसरी झोडणीची, भाताच्या पेंढ्या पाटावर आपटतात तशी ठसक्याची. तिसरी उत्तरेच्या वाऱ्याची. ती गाताना श्वास पुरत नाही, आणि तो पुरू नये अशीच ती बांधली आहे. चौथी शेकोटीची. ती बसक्या आवाजात, हात चोळत बसलेली माणसं बोलतात तशी. आणि पाचवी धुक्याची. आरतीच्या वेळी ट्यूबलाइट बंद करून नुसत्या काकड्याच्या उजेडात आम्ही ती म्हणतो. काकडा म्हणजे तुपात भिजवलेली कापडाची जाड वात, तिचा उजेड देवाच्या चेहऱ्यापुरताच.

एकदा अलिबागहून गाण्यातले एक जाणकार आले होते. त्यांनी दादांना विचारलं, "ही पाचवी चाल कुठल्या रागात बांधलीत?"

दादा म्हणाले, "ते मना ठाव न्हाय. त्या दिवशी थंडी लय होती."

धुक्याच्या चालीत एक थांबा आहे. आमची रांग एक ओळ म्हणते, समोरची रांग ती परत करते, असं तीनदा. चौथ्यांदा दोन्ही रांगा मिळून उचलतात आणि ओळीच्या मध्यावर सगळे एकदम थांबतात. टाळ थांबतात, मृदंग थांबतो. किती थांबायचं याला मोजमाप नाही. दादा हनुवटी वर उचलायचे, अंधारातही तेवढी हालचाल दिसायची, की सगळे परत सुरू. तेवढ्या वेळात देवळात काहीच नसतं. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. माझ्या मेहुण्याने एकदा त्या थांब्यात "पुंडलिक वरदे" म्हणून गजर केला, त्याला वाटलं संपलं. त्याला आजही त्यावरून चिडवतात.

दादांचा स्वतःचा एक नियम होता. ते एकटे कधी गायले नाहीत. लग्नात, बारशात, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. म्हणायचे, "मी एकटा गाऊन काय करू? रांगेत माजा आवाज निराला आयकू आला तर समजायचं अंबाजी चुकला." गातानाही ते हाच कान ठेवायचे. कोणाचा आवाज वर आला की त्या दिवशी घरी जाताना त्याच्या खांद्यावर हात पडायचा. "आज लय पुढं होतास रं. मागं कोन लागलं होतं काय?" एवढंच. पण माणूस दुसऱ्या दिवशी रांगेत मिसळून गायचा.

मिठागरं बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, कोणी दुरुस्त केला नाही, आणि आज तिथे खारफुटी वाढली आहे. दादांनी मग घरचं एकपिकी भात केलं, मुलगा सुजित बंदरात कामाला लागला. रांगाही आटल्या. पूर्वी आम्ही बावीस होतो. आता अकरा. त्यातले चौघे सत्तरीच्या पुढचे. हितेशसारखे ट्रकवाले रात्रपाळी करून परस्पर देवळात येतात, अंगाला डिझेलचा वास घेऊन.

दादांना ऐकू येईनासं झालं ते एकदम नाही. आधी आम्हाला वाटलं ते मनात काहीतरी घोळवत असतात म्हणून उत्तर देत नाहीत. मग वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कमळवहिनींनी, एक दिवस देवळाच्या पायरीवर सांगितलं, "घरात ह्यांना चहा घ्या म्हनलं तर शेजारची तीन घरं चहाला येतात." सुजितने कानाचं यंत्र आणून दिलं. दादांनी ते दोन दिवस लावलं. टाळ वाजायला लागले की त्यात नुसता खडखडाट होतो म्हणाले, आणि ते डबीत घालून ठेवलं.

तरी रांगेत कोणाला फरक कळला नाही. उजेडात ते आता डोळे किलकिले करून मृदंगावरचे हात बघायचे, समोरच्याच्या टाळांवर नजर ठेवायचे. चार चाली तशा निभावल्या. पाचवीला दिवे बंद होतात. आणि पाचवीला ते सवयीने डोळे मिटायचे.

ते गेले त्याच्या आधीच्या काकड्यातली ही गोष्ट. बारावा दिवस होता. धुक्याची चाल चौथ्या फेरीला आली, मध्यावर आम्ही सगळे थांबलो, आणि त्या शांततेत एक आवाज पुढे चालत राहिला. दादांचा. ते दोन मात्रा मागे पडले होते, त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. तेवढ्या दोन मात्रा ते एकटे गायले. म्हातारा, थरथरता, कोरडा आवाज. मी चाळीस वर्षांत तो आवाज सुटा ऐकला नव्हता. मग त्यांनी आपल्या हिशेबाने थांबा घेतला, हनुवटी उचलली, आणि आम्ही कसेबसे मागून आलो.

मागच्या बाजूला दोन-तीन जण हसले. वाईट मनाने नाही, आपल्याला नको तिथे हसू येतं तसं. दादांनी डोळे उघडले तेव्हा ते समाधानी होते. गूळखोबरं घेऊन घरी गेले.

ते गेल्यावर आम्ही चहाला बसलो.  सदाबुवा मंडळाचे बुवा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. ते म्हणाले, "सांगायला पायजे कोनीतरी."

"तुम्ही सांगा, तुम्ही बुवा आहात," हितेश म्हणाला.

"मी? त्यांनी मना शिकवलं. मी त्यांना सांगू, तुमी चुकता म्हनून?"

"आणि सांगणार कसं?" हितेश म्हणाला. "हळू सांगितलं तर ऐकू येणार नाही, मोठ्याने सांगितलं तर गावाला ऐकू जाईल. लिहून द्यावं तर वाचता येत नाही."

ते खरंच होतं. मग मी बोललो. मी सहसा अशा बैठकीत बोलत नाही. मी म्हटलं, "आपण थांबलोच नाही तर? ओळ तशीच पुढे नेऊ. म्हणजे दादांचा आवाज उघडा पडणार नाही."

सगळ्यांना पटलं. सदाबुवांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही धुक्याच्या चालीत थांबायचं सोडलं. दादा थांबले तरी आमचा आवाज चालू, ते मागे राहिले तरी आमचा आवाज चालू. कुठे काही बाहेर आलं नाही. माणूस झाकला गेला. आठ दिवस असे गेले.

विसाव्या दिवशी आरती झाल्यावर मी पायरीवर चपला शोधत होतो. दादा माझ्याजवळ आले. त्यांनी विचारलं, "तुळश्या, धुक्याच्या चालीत तुमी थांबत का न्हाय?"

मी मान हलवली, थांबतो म्हणून.

"आज मी डोलं उघडलं मधीच. तुजं तोंड हालत होतं."

आरतीचं ताट आमच्या दोघांच्या मधून जातं, त्यामुळे काकड्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला असणार. मी परत मान हलवली आणि हाताने खूण केली, थांबतो दादा, थांबतो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

आमच्याकडे रीत अशी की काकड्यात कोणी आलं नाही तर त्याची जागा भरायची नाही. त्याचे टाळ त्या जागी सतरंजीवर ठेवायचे. दादांचे टाळ आदल्या दिवशी देवळातच राहिले होते, पितळेचे, झिजून कडा पातळ झालेले. रोज पहाटे मी समोर उभा राहून त्या टाळांकडे बघत गायचो. पहिल्या दिवशी वाटलं, थंडी बाधली असेल. दुसऱ्या दिवशी वहिनी आरतीला आल्या, पण काही बोलल्या नाहीत. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचं लग्न झालं, टाळ तिथेच. आणि गंमत अशी की आता दादा नव्हते, आम्हाला थांबायला काही अडचण नव्हती, तर थांबा आम्हाला जमेना. कोणी लवकर उचलायचं, कोणी उशिरा. हनुवटी वर करणारं कोणी नव्हतं. सदाबुवांनी दोनदा हात उंचावून बघितला, आणि दोन्ही वेळा निम्मे लोक आधीच सुरू झाले होते.

पौर्णिमेला दोन दिवस उरले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. दुपार कलती होती. कमळवहिनी अंगणात वाल निवडत बसल्या होत्या.

"दादा कुठे आहेत?"

"बांधावर. रोज जातात जेवन झाल्यावर." त्यांनी मान वर केली नाही. "काय बोलायचं असंल तर तिथंच जा, भावजी. घरात ओरडलास तर उद्या बाजारात पोचंल."

"वहिनी, ते रागावलेत का?"

"रागावलं असतं तर मना सुख होतं, भांडली असती. गप हायेत. काल मना इचारलं, माजी चाल वाईट हाय काय गं? येवढी वर्सं लोकांनी उगाच म्हनली काय?" सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मना गान्यातलं काय समजत न्हाय. पन ह्ये त्यांनी याच्याआधी कवा इचारलं न्हवतं."

मी बांधावर गेलो. भरती ओसरत होती. दादा जुन्या उघाडीपाशी बसले होते. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं लाकडी दार, आता त्याची नुसती चौकट उरली आहे. मी शेजारी बसलो. वारा बरा होता. मी हळूच म्हणालो, "दादा, माझी चूक झाली."

"काय?"

मी पुन्हा म्हणालो, थोडं मोठ्याने.

"काय बोलतंस? मोठ्यानं बोल. इथं कोन हाय?"

माझा आवाज मोठा नाही. घरातही मला दोनदा सांगावं लागतं. मी उभा राहिलो आणि जेवढं जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "तुम्ही थांबला नाहीत! आम्ही थांबलो, तुम्ही गात राहिलात! एकटेच!"

समोरच्या चिखलातले बगळे उडाले. दादा माझ्याकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं होतं.

"कवा?"

"बाराव्या दिवशी!"

"लोकांनी आयकलं?"

मी मान हलवली.

"हसलं कोनी?"

खोटं बोलायची तीच वेळ होती. मी पुन्हा मान हलवली, हसले म्हणून.

त्यांनी पाण्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "आनि मंग तुमी थांबायचं सोडलंत. माज्यासाठी."

"व्हय!"

"कोनाच्या डोक्यातनं आलं?"

"माझ्या!"

"तरीच तुजं तोंड सगल्यात जास्त हालत होतं." ते हसले नाहीत. "तुळश्या, मी बुडलो असतो तर चाललं असतं. म्हातारा हाय, उद्या जायाचाच हाय. तुमी चाल बुडवलीत."

 ओरडून क्षमा मागता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. क्षमेचे शब्द ओरडले की भांडण वाटतं. मी परत त्यांच्या शेजारी बसलो.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते आधी कोणाला सांगितलं नव्हतं. ते अकरा-बारा वर्षांचे असताना एका पौषात, पहाटे, या बांधावर असं धुकं होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. त्यांचे वडील भरतीच्या आधी उघाडी लावायला पुढे गेले आणि मुलाला म्हणाले, इथंच उभा राहा, मी हाक मारीन, तू ओ दे, म्हणजे मला परतीचा बांध सापडेल. वडील हाक मारत गेले, हे ओ देत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा हाक अर्धी आली आणि तुटली.

"मी उभा. पुढं जावं तर एक पाय इकडं पानी, एक पाय तिकडं पानी. मी ओरडलो न्हाय. वाटलं मी ओरडलो आनि त्याच टायमाला बा नं हाक मारली तर मना आयकू येनार न्हाय. तवा गप ऱ्हायलो. श्वास पन धरला. येवढा गप मी जल्मात ऱ्हायलो न्हाय. मना वाटलं बा गेला." त्यांनी हनुवटी वर उचलली, तशीच, देवळात उचलायचे तशी. "मंग हाक आली. पाय घसरला होता बा चा, उघाडीला लटकला होता. तेवडाच येळ हाय तो. त्याच्यात कोनी गायाचं नसतं रं. त्याच्यात आयकायचं असतं."

सूर्य खाली गेला होता. आम्ही उठलो. वाटेत त्यांनी येतो म्हटलं नाही, येत नाही म्हटलं नाही. घराच्या वळणावर फक्त म्हणाले, "आता मना सगलाच थांबा हाय. कुटं चालू होतंय नि कुटं थांबतंय ते कसं समजावं?"

पौर्णिमेच्या पहाटे मी साडेचारला देवळात गेलो. थंडी भरपूर होती, पत्र्यावरून दव टपकत होतं. सदाबुवा मृदंगाला पीठ लावून बसले होते. मी त्यांना म्हणालो, "आज आरतीला ट्यूब चालू ठेवायची."

"काकड्याला ट्यूब? आजवर कवा ठेवली?"

"दादा आले तर त्यांना आमची तोंडं दिसायला हवीत."

"आले तर," सदाबुवा म्हणाले. "आनि रीत? काकड्याच्या उजेडात देव बघायचा असतो, तुळशीराम. ट्यूबखाली काकडा म्हंजी, मी काय सांगू आता."

हितेश दारात बूट काढत होता. तो म्हणाला, "बुवा, देव आताच झोपेतून उठतोय. त्याला तरी नीट दिसायला नको का, कोण कोण आलंय?"

"तू गप. तू स्वतः झोपेत हायेस."

"म्हणूनच सांगतो ना, लाइट राहू द्या," हितेश म्हणाला आणि बटणाच्या खाली जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. उंच माणूस आहे. त्याला तिथून हलवणं कोणाच्याने झालं नसतं. सदाबुवांनी मृदंगावर हात ठेवला.

दवाची चाल झाली, झोडणीची झाली. दादांची जागा रिकामी. वाऱ्याच्या चालीत आमचा दम गेला. शेकोटीच्या चालीला दारात कमळवहिनी दिसल्या, आणि त्यांच्या मागे, घोंगडी पांघरलेले, दादा. ते रांगेच्या मागून आले, खाली वाकले, टाळ उचलले आणि आपल्या जागी उभे राहिले. कोणी गाणं थांबवलं नाही. माझ्या हातातले टाळ मात्र जरा चुकले.

काकडा पेटवला. पुजारी दिव्याकडे वळून बघू लागला, ट्यूब बंद होते का म्हणून. ती झाली नाही. सदाबुवांनी धुक्याची चाल सुरू केली.

दादांनी डोळे मिटले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते माझा चेहरा बघत गायले. त्यांचे डोळे पिवळट आणि पाणावलेले होते, मला ते नीट माहीतही नव्हते. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. त्यांचे ओठ माझ्या ओठांच्या किंचित मागे होते. मी प्रत्येक अक्षर तोंड उघडून म्हणत होतो, लहान मुलाला शिकवतात तसं. चौथी फेरी आली. मी मनात म्हणत होतो, आता, आता, आणि मध्यावर मी तोंड मिटलं. अकरा तोंडं मिटली. दादांचंही मिटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या हनुवटीकडे बघत होतो. सगळेच बघत होते. ट्यूबखाली काकड्याचा उजेड फिका दिसत होता, आणि पुजाऱ्याने ताट हातात तसंच स्थिर धरलं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदा वाटलं दादा विसरले. मग त्यांनी हनुवटी उचलली आणि आम्ही सगळे एकदम आलो. मागेपुढे कोणी नाही.

आरती झाली, गूळखोबरं वाटलं, लोक उन्हं येईपर्यंत पायऱ्यांवर बसले. दादा माझ्याजवळ येऊन बसले.

"थांबलं?"

मी मान हलवली.

"पुरं?"

"पुरं!"

त्यांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. "काय आयकू आलं त्याच्यात? मना सांग."

पायऱ्यांवर सगळा गाव होता. बायका होत्या, पोरं होती, परगावचे लोक समाप्तीला आले होते. मी ओरडलो, "पत्र्यावरून दव पडत होतं! टप, टप!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "आनि?"

"खाडीत कोणाची तरी होडी होती! इंजिन लांब वाजत होतं!"

"आनि?"

"वहिनींच्या बांगड्या वाजल्या! सदाबुवांची छाती घरघरत होती!"

"माजी कशाला घरघरंल?" सदाबुवा मागून म्हणाले, आणि लोक हसले.

दादा हसले नाहीत. त्यांची मान पुढे आली होती. "आनि, तुळश्या? आनि माजा?"

मला कळलं ते काय विचारत होते. मी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"तुमचा आवाज नाही आला, दादा! अजिबात नाही आला!"

त्यांनी एकदा मान हलवली. मग खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.